हौशीरामला गोड बोलता येत नाही

हौशीराम हुलावळेला लग्नाला बोलवू नये, असं आमच्या कार्ल्यात म्हणतात. बोलवावं तर लागतंच, कारण निम्मं गाव त्याच्या भावकीतलं. पण बोलावणारा मनातून धास्तावलेला असतो. मागे त्याच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात नवऱ्या मुलाची फुलांनी मढवलेली गाडी मांडवाच्या दारात येऊन थांबली. बँडवाले घामाघूम झाले होते, बायका आरतीची ताटं घेऊन ताटकळत होत्या, आणि हा पठ्ठ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. उठला तो थेट व्याह्यांच्या पुढ्यात.

"पाव्हनं, टायर पार गुळगुळीत झालंय. आमची पोरगी हिच्यात बसायची न्हाई."

शेवटी नवरा-नवरी पाण्याचे जार आणणाऱ्या टेम्पोत पुढे बसून सासरी गेली. हौशीरामची वहिनी वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हती. त्याला त्याचं काही नाही. तो अजूनही सांगतो, "टेम्पोचं टायर नवं व्हतं."

मी श्रीपती, पण या नावाने मला बायकोसुद्धा हाक मारत नाही. मी एसटीत कंडक्टर होतो, आणि एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतात. नोकरी संपली, पदवी राहिली. सकाळी घरात बसलो की माझी आणि सुनेची भांडणं होतात, म्हणून मी हौशीरामच्या गॅरेजवर जाऊन बसतो. जुन्या हायवेला फाट्याच्या अलीकडे त्याची पत्र्याची शेड आहे. दारात एसटीच्या भंगारातून आणलेलं दोन माणसांचं सीट ठेवलंय. ते माझं. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी घाटाकडे निघाली की मी तिथून सगळ्यांना मनसोक्त नावं ठेवतो.

माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा लोक भेटायला आले, सफरचंदं ठेवून "छान दिसताय, मास्तर" म्हणाले. हौशीराम आला, पलंगाच्या पायाशी उभा राहून मला निरखून बघितलं आणि म्हणाला, "चुना फासल्यागत झालायसा. पर वाचशिला." त्या आठवड्यात मला धीर देणारं एवढं एकच वाक्य मी ऐकलं. बाकीचे खरं बोलतायत की नाही, याचा मला भरवसा नव्हता.

तर असा हा माणूस. पोरवयापासून बरीच वर्षं कामशेतच्या एका गॅरेजात हातपाय काळे केले, पुढे स्वतःची शेड टाकली. आता गाड्या बदलल्या, तसा तोही शिकला. एबीएस म्हणजे काय, ते तो गिऱ्हाइकाला असं समजावतो: "ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला की चाक जाम व्हतं आन् गाडी घसरगुंडी खेळती. म्हनून परत्येक चाकापाशी एक सेन्सर बसवलाय. चाक किती जोरात फिरतंय ते त्यो सांगत ऱ्हातो. एखादं जाम व्हायला लागलं की यंत्र ब्रेक सोडतं, धरतं, सोडतं, धरतं. पर सेन्सर मुका झाला की यंत्र म्हनतं, मला काय दिसंना, तुजं तू बघ. आन् पिवळा दिवा लावून झोपतं." साधा ब्रेक तेव्हाही लागतो, पण घाटात पावसाचं साध्या ब्रेकवर किती विसंबायचं, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

त्याच्याकडे स्कॅनर आहे. गाडीला जोडला की कुठल्या चाकाचा सेन्सर ते पडद्यावर येतं. दुसरे मेकॅनिक तेवढं वाचतात आणि सेन्सर बदलून मोकळे होतात. हौशीराम स्कॅनरला चुगलखोर म्हणतो. "कुनाच्या घरात भांडान हाय ते ह्यो सांगतो. कुनामुळं लागलं, ते न्हाई सांगत." मग तो चाकाखाली आडवा होतो आणि वायर बोटांनी चाचपत जातो. आणि तरीही दुखणं कळलं नाही, तर गाडी जिथे मुक्कामाला असते तिथे जातो. गाडीचं दुखणं गाडीच्या घरी बघावं, हा त्याचा कायदा. त्यापायी त्याने लोकांच्या गोठ्यात, शेतात, एकदा तर एका हॉटेलच्या भटारखान्यामागे बैठक मारलीय.

यंदा दिव्याच्या अवसेच्या दुसऱ्या दिवशी निलेश केदारी गाडी घेऊन आला. पवनानगरच्या पुढच्या एका वाडीतला पोरगा. लोणावळा स्टेशनवरून पर्यटकांना धरणाकाठच्या तंबूंवर नेतो-आणतो. आदल्या आठवड्यात घरची भाताची आवणी होती, त्यामुळे त्याने गाडीतून रोपांच्या जुड्या वाहिलेल्या. गाडीला पोटापर्यंत चिखल. आणि समोर पिवळा दिवा.

"हौशीकाका, सकाळपास्नं लागलाय. बंद करून चालू केली की जातो, पुन्ना येतो."

स्कॅनरने डावीकडच्या पुढच्या चाकाचं नाव घेतलं. हौशीराम खाली शिरला. मीटर लावला, वायर इकडून तिकडून वाकवून बघितली, आणि सापडलं. वरचं आवरण शाबूत, आत तार तुटलेली. चिखलाने लडबडलेला कसला तरी गुंता वायरीला चिकटला होता, तोही त्याने ब्लेडने कापून फेकला. वायरीसकट नवा सेन्सर बसवला, सगळं धुऊन पुसून दिलं.

"आता न्हाई ना लागनार, काका? आईनं लय धसका घेतलाय."

"लागला तर मिशी उतरवीन," हौशीराम म्हणाला.

त्याच्या मिशीबद्दल सांगायला हवं. ती त्याच्या बापाकडून आलेली, दोन्ही टोकांना वर वळलेली, आणि ग्रीस लागलेल्या हाताने पीळ दिल्यामुळे कायम काळीकुळकुळीत. बाकीचे केस पिकले तरी मिशी पिकली नव्हती.

श्रावण सरला. पिठोरीच्या अवसेनंतर निलेश पुन्हा आला. गाडीतून उतरलाच नाही, काच खाली करून नुसता बघत बसला.

"लागला?" हौशीरामने विचारलं.

"व्हय."

हौशीराम हातातला पाना ठेवून रस्ता ओलांडून गेला. समोरच्या सलूनमध्ये शिरला, आणि थोड्या वेळाने बाहेर आला तो मी ओळखलाच नाही. नाकाखाली सोललेल्या बटाट्यासारखी गोरी पट्टी. मला हसू आवरेना. फाट्यावरचे दोघे-तिघे लगबगीने येऊन विचारू लागले, कोण गेलं घरातलं?

"इमान गेलं असतं, ते राखलं," तो म्हणाला. "मास्तर, हसून झालं आसंल तर गाडीत बसा. ह्याच्या घरी जायाचंय."

निलेश म्हणाला, "आता कशाला, काका? उद्या कामशेतचा व्यापारी गाडी न्यायला येतोय. आईनं सांगून टाकलंय, पुन्ना दिवा लागला तर गाडी दारात नको."

मग वाटेत त्याने सगळं सांगितलं. त्याचे वडील दत्तोबा कामशेत-पवनानगर जीप चालवायचे. निलेश शाळेत असताना उतारावर जीपचा ब्रेक लागला नाही, जीप ओढ्यात गेली. जीप रिकामी होती, दत्तोबा एकटेच गेले. तो अवसेचा दिवस होता. तेव्हापासून मुक्ताबाई, म्हणजे निलेशची आई, अवसेच्या रात्री झोपत नाही. गाडी दारात येईपर्यंत ओट्यावर दिवा घेऊन बसून राहते. निलेशने गाडी घेतली तीच मुळी तिच्याशी वर्षभर भांडून. वाडीवरची जमीन चार महिने पोसते. उरलेले आठ महिने ही गाडी. ती गेली की पोरगा कुठल्या तरी बंगल्यावर पहारेकरी होणार, नाहीतर चाकणच्या कारखान्याची वाट धरणार, आणि आई वाडीवर एकटी राहणार.

"दोन्ही खेपेला अवसच झालेली," मी म्हणालो. मी आपलं जे दिसलं ते बोललो.

"आईबी तेच म्हनती," निलेश म्हणाला.

"सेन्सरला पंचांग कळत न्हाई," हौशीराम खेकसला. मग समोरच्या काट्यांकडे बघत म्हणाला, "कळत आसंल, तर कुनीतरी त्याला सांगतंय."

दुधिवरे खिंडीत भुरभुर पाऊस होता. दिवा विझलेला होता. उजवीकडचं वळण गेलं, काही नाही. डावीकडचं आवळ वळण आलं, निलेशने स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि समोर पिवळा दिवा. हौशीरामने पुढे जागा बघून गाडी वळवायला लावली, वळणाच्या मागे नेऊन पुन्हा तोंड फिरवायला लावलं. गाडी बंद केली, चालू केली. पुन्हा तेच वळण, पुन्हा दिवा. हौशीरामच्या बोडक्या तोंडावर उजेड पडला.

"डावीकडं पुरी वळली की वायर कुटंतरी ताणती. चल घरी. हितं चिखलात लोळत न्हाई मी."

मुक्ताबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. हौशीरामला बघून त्यांनी पदर सावरला आणि काळजीने विचारलं, "भाऊ, घरी काय वंगाळ झालं का?" त्या मिशीकडे, म्हणजे मिशीच्या जागेकडे बघत होत्या. निलेशने खरं ते सांगितलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला, पण डोळे हसत नव्हते. "तुमी केलं ते केलं, भाऊ. आता ती गाडी जाऊ द्या."

"उद्या जाईल ती जाईल. आज बगू द्या," म्हणत हौशीराम अंगणात पोतं टाकून गाडीखाली शिरला. निलेशला स्टिअरिंग डावीकडे फिरवायला सांगितलं. आणि गाडीखालून जो आवाज आला, तो समोरच्या डोंगरावर आपटून परत आला असेल.

"कुन्या अकलेच्या कांद्यानं ह्यो उद्योग केलाय? वायरीचा गळा आवळलाय पार! अरं दिवा लागंल न्हाई तर काय व्हईल!"

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काळा दोरा होता. दुहेरी वळलेला, त्यात बिब्बा ओवलेला, एक लोखंडी खिळा आणि नीट घातलेल्या गाठी. वायर शॉकअपला या दोऱ्याने करकचून बांधलेली होती. सैल असायला हवी ती वायर चाक वळलं की ताणली जायची, आणि सेन्सर मुका व्हायचा. आता मला आठवलं, मागच्या वेळी त्याने चिखलाचा गुंता म्हणून कापून फेकला होता, तो हाच असणार.

ओट्यावरून आवाज आला, "मी बांधलाय."

सुपातले तांदूळ तसेच राहिले. निलेश गाडीतून उतरला. मी हौशीरामचा पाय दाबला. म्हटलं, आता तरी हा बाबा गप्प बसेल.

"पुढं बंपरला बांधायची मी," मुक्ताबाई खाली बघत म्हणाल्या. "ह्याच्या गिऱ्हाइकांनी हसू केलं, तवा ह्यानं काढून टाकला. पोराला लाज वाटती म्हनून मग आत बांधला, कुनाला दिसू न्हाई असा. दर अवसेला जुना काढायचा, नवा बांधायचा. पिठोरीला बगते तर जुना तुटलेला. मला वाटलं कुनाची तरी वाईट नजर लागली. म्हनून दुहेरी बांधला."

"मीच तोडला त्यो," हौशीराम म्हणाला. "कचरा समजून."

"आन् ह्या दोऱ्यानं दिवा लागतो?"

"व्हय, वैनी."

"दिवा लागला की काय व्हतं?"

मी त्याचा पाय आणखी जोरात दाबला. त्याने पाय बाजूला घेतला. "साधा ब्रेक लागतो. पर पावसात कचकन मारायची येळ आली, तर चाक जाम व्हऊन गाडी सरकनार."

"म्हंजी पोराला मीच..."

"व्हय," हौशीराम म्हणाला.

त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरं असतं ते सगळंच बोलायचं असतं का? एक आई समोर बसलीय, तिने जीव लावून बांधलेल्या गाठी तुझ्या हातात आहेत, आणि तू 'व्हय' म्हणतोस? मी एसटीत इतकी वर्षं काढली, रोज शंभर माणसांशी भांडलो, पण असा घाव घातला नाही कुणावर.

मुक्ताबाई रडल्या नाहीत. सूप बाजूला सारून त्या गाडीपाशी आल्या आणि हौशीरामच्या हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिल्या.

"बांधला तरी वाईट, न्हाई बांधला तरी वाईट," त्या म्हणाल्या. "त्या अवसेला मी माहेरी गेलते. भावाकडं पाळना व्हता. दोरा राहून गेला. यांच्या जीपला त्या दिवशी दोरा नव्हता, भाऊ. म्हनून यांना तसं झालं. त्यानंतर मी एक अवस चुकवली न्हाई."

निलेशच्या तोंडाकडे बघूनच कळलं की हे त्यालाही नवीन होतं. इतकी वर्षं ही बाई हे एकटीच उरावर घेऊन बसली होती.

हौशीराम जरा वेळ बोटातला दोरा चाळवत राहिला. मग म्हणाला, "वैनी, जीप ओढून आनली ती आमच्या गॅरेजात. मी तवा कामशेतला व्हतो. मी सवता तिच्याखाली गेलतो."

मुक्ताबाईंनी वर बघितलं.

"मागच्या ब्रेकचा पाइप गंजून फुटला व्हता. सगळं तेल गळून गेलतं. एका दिसात फुटला न्हाई, लय दिसांपास्नं गंजत आलता. तुमी दोरा बांधला असता, धा दोरे बांधले असते, तरी फुटला असता. दोऱ्यानं गाडी थांबत न्हाई, आन् दोरा नव्हता म्हनून गाडी पडतबी न्हाई."

"मला कुनीच न्हाई सांगितलं."

"मी पंचनाम्याला सांगितलं. तुमच्या दिरालाबी सांगितलं." तो थांबला. "बाईमानसाला सांगावं, हे कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. माज्याबी."

"मला बरं वाटावं म्हनून म्हनत आसाल."

निलेश पुढे झाला. "आई, ह्यांनी दिव्यापायी मिशी उतरवली. ह्यांना खोटं येत न्हाई."

मुक्ताबाईंनी त्या बोडक्या ओठाकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. मला वाटलं, झालं, एवढ्यावर थांबेल आता. पण हौशीराम म्हणजे अर्धी गाडी दुरुस्त करून सोडणारा माणूस नाही.

"आन् अजून एक. त्यो पाइप गंजलाय, हे मी दत्तोबाभाऊला महिनाभर आदी सांगितलं व्हतं. बदला म्हनलं. तर म्हनलं, सुगी झाल्यावर बदलू."

पावसाचं पाणी कौलांवरून ठिबकत होतं. मुक्ताबाईंचा चेहरा हळूहळू लाल झाला, आणि मग त्या गर्रकन वळून दारातल्या तसबिरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. हार घातलेले दत्तोबा आतून हसत होते.

"सुगी झाल्यावर!" त्या कडाडल्या. "छप्पर शाकारायचं सुगी झाल्यावर, दात काढायचा सुगी झाल्यावर, लुगडं सुगी झाल्यावर! आन् हे? हेबी सुगी झाल्यावर? आन् मी हितं चुलीपुढं बसून सवताला खात ऱ्हायले! बोला की आता! हसताय काय?"

आणि मग त्या दाराला टेकून खाली बसल्या आणि जे रडल्या ते मी सांगत नाही. निलेश शेजारी जाऊन बसला. मी पावसात जाऊन उभा राहिलो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी लपवलं नाही. या वयात लपवून काय करायचंय?

हौशीराम तेवढ्या वेळात गाडीखाली होता. वायर तपासली, तार अजून तुटली नव्हती. ती क्लिपमध्ये नीट सैल बसवली, चाक दोन्हीकडे फिरवून बघितलं, दिवा विझवला. मग बाहेर येऊन काळा दोरा घेऊन पुढच्या बंपरखालच्या हुकाला बांधू लागला. गाडी ओढायला असतो ना, तो हूक.

डोळे पुसत मुक्ताबाई आल्या. "तितं बांधून काय फायदा व्हईल का, भाऊ?"

मी आशेने त्याच्याकडे बघितलं. एवढं तरी गोड बोल, बाबा.

"काय बी व्हनार न्हाई," तो म्हणाला. "पर वायरीला तरास न्हाई."

मुक्ताबाईंना हसू फुटलं. "सरा बाजूला. गाठ अशी घालत्यात व्हय?" म्हणून त्यांनी दोरा त्याच्या हातातून काढून घेतला. निलेश बघत होता. काढ म्हणाला नाही. मग त्यांनी निलेशला व्यापाऱ्याला फोन लावायला सांगितलं. "म्हनावं, येऊ नगा. गाडी दारातच ऱ्हानार."

परत येताना खिंडीत हौशीराम माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मास्तर, मी लय वाईट बोललो का?"

"लय," मी म्हणालो. "पण बोललास ते बरं झालं."

भाद्रपद संपला. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी निलेश लोणावळ्याला जाता जाता फाट्यावर थांबला. हौशीरामच्या नाकाखाली पांढरे खुंट आले होते. बापाची ती मिशी आता पांढरी निघणार, हे दिसतच होतं.

"दिवा?" त्याने गाडीच्या काचेतून डोकावत विचारलं.

"न्हाई, काका. कालच्या अवसेलाबी न्हाई."

"वैनी बऱ्या हायत?"

निलेश हसायला लागला. "काल बाबांच्या नावानं ताट वाढलं. कावळा काय शिवंना. आई कौलाकडं बघून म्हनती, ह्यालाबी सुगी झाल्यावरच सवड हाय का? तर कावळा खरंच आला."

आम्ही दोघंही हसलो. निलेशने गाडी चालू केली, मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला.

"रात्री मला यायला उशीर झाला, काका. घाटात गाड्या तुंबल्या व्हत्या. दारात आलो तर ओट्यावर कुनी नव्हतं. मी घाबरलो. आत जाऊन बगतो, तर आई घोरत व्हती."

हौशीरामने मान हलवली. मग "बग, आवाज येतोय कायतरी," असं पुटपुटत पोतं टाकून तो गाडीखाली शिरला. मला काही आवाज ऐकू आला नव्हता. निलेशनेही गाडी बंद केली. गाडीत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, तरी हौशीराम बराच वेळ बाहेर आला नाही.